कोंबड्यांच्या मागची खिडकी

ओशकोश, ४ मे

आदरणीय रग्नावहिनी,

धाकट्या दिराचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? अंगणातल्या रूबार्बला यंदा कोंब चांगले आले का? हिवाळ्यानं गोठ्याच्या छपराचं फार नुकसान केलं नाही ना? आणि कोंबड्या कशा आहेत? (हा शेवटचा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही, हे पुढे ध्यानात येईल.) इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. माझ्यामुळे होतो तो त्रास वगळला तर अर्लीनला कसलाही त्रास नाही.

वहिनी, बातमी मोठी आहे, म्हणून क्रमानेच सांगतो. (घराला आग लागली तरी वेंडेल आधी ज्वलनाची व्याख्या सांगेल, असं दादा म्हणायचा. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करूही नये.) लून येते आहे! ज्या गाडीनं आई मला आणि दादाला दर उन्हाळ्यात आजोळी न्यायची, आणि जिचा एक डबा भंगारात निघाल्यावर दादानं विकत घेऊन तुमच्या शेतावर आणून टाकला, ती आपली लून, सत्त्याऐंशीपट लहान होऊन, सहाच्या सहा डब्यांनिशी खोक्यात बसून दुकानात येण्याच्या बेतात आहे! (लून हा तळ्यात बुड्या मारणारा, मोठा मानी पक्षी. त्याच्या नावाच्या गाडीत कोंबड्या कोंबाव्यात हे दादाला सुचलं, ते त्याच्या एकंदर स्वभावाला धरूनच होतं.)

यात एवढं नाचण्यासारखं काय आहे, हे कळण्यासाठी छोट्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची रीत समजून घ्यायला हवी. या मंडळींकडे डब्याचा एकच साचा असतो. त्यातून निघालेल्या डब्याला हिरवा रंग दिला की तो एका रेल्वेचा, नारिंगी दिला की दुसरीचा. म्हणजे एकाच माणसाला टोप्या बदलून बदलून उभं करायचं आणि म्हणायचं, पाहा, हे सगळं गाव! छोट्या गाड्यांचा नाद असलेल्या आमच्या मंडळाचं म्हणणं इतकंच, की खरी गाडी जशी धावली तशीच ती बनवा. डब्यास डबा, खिडकीस खिडकी. दर वसंतात लुथरन चर्चच्या तळघरात आमचं प्रदर्शन भरतं, तेव्हा कंपनीचा माणूस येतो. आम्ही त्याच्यापुढे सूचना मांडतो, तो आमचे सॉसेज खातो, मान डोलावतो आणि निघून जातो. यंदा मात्र प्रूइट नावाचे एक गृहस्थ आले, आणि (खुर्चीचा आधार घ्या वहिनी) त्यांनी माझी सूचना वाचलेली होती! सामानाचा डबा, टपालाचा डबा, बसायचे दोन, जेवणाचा एक, अशा पाच डब्यांना त्यांनी उभ्याउभ्या होकार दिला. मी त्यांना मिठी मारली. त्यांच्या हातात मोहरी लावलेलं सॉसेज होतं, त्यामुळे तो क्षण आम्हा दोघांच्याही सदऱ्यांवर कायमचा उमटला आहे.

घोडं अडलं ते सहाव्या डब्यावर, म्हणजे नेमकं तुमच्या खुराड्यावर. त्या डब्यात एका बाजूला निजायच्या खोल्या आणि दुसऱ्या बाजूला बोळ, शिवाय टोकाला बायकांची बैठक. अर्थात दोन्ही बाजूंच्या खिडक्या निराळ्या. आता जगात लूनचे जेवढे म्हणून फोटो आहेत ते सगळे दक्षिणेकडून काढलेले आहेत. कारण सोपं आहे. गाडी पूर्व-पश्चिम धावे, ऊन दक्षिणेचं, आणि शहाणा फोटोवाला उन्हाकडे पाठ करून उभा राहतो. शेवटच्या स्टेशनात डबे वळवत नसत, नुसतं इंजिन या टोकाचं त्या टोकाला नेत. परिणामी त्या डब्याच्या उत्तर बाजूवर कॅमेऱ्याची नजर कधी पडलीच नाही. प्रूइट म्हणाले, मग दोन्हीकडे दक्षिण बाजूच लावू. मी हादरलो. एखाद्या माणसाचा उजवा कान हरवला म्हणून दोन्हीकडे डावाच बसवायचा?

त्या उत्तर बाजूला, बायकांच्या बैठकीत, एक गोल खिडकी होती. मला ती लख्ख आठवते. आईनं मला कडेवर उचलून त्या खिडकीपाशी धरलं होतं आणि बाहेर तळं होतं, काचेच्या गोलात नेमकं मावलेलं. "बघ वेंडेल, बशीतलं तळं," असं ती म्हणाली. पुढच्याच हिवाळ्यात ती गेली. तिच्या कडेवरून पाहिलेली ती एकच गोष्ट माझ्यापाशी उरली आहे.

हे मी प्रदर्शनातल्या सभेत प्रूइटांपुढे सांगितलं (बशीचं सोडून). त्यावर आमचे अध्यक्ष डेल्बर्ट क्रूगर, निवृत्त दंतवैद्य, खोट्या सहानुभूतीनं म्हणाले, "वेंडेल, तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. त्या वयात मला माझी मावशीसुद्धा गोल दिसायची."

"तुझी मावशी गोलच होती, डेल्बर्ट. आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे," मी म्हणालो.

सभा हसली, पण प्रूइट हसले नाहीत. मग मी शास्त्रशुद्ध प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. अर्लीननं चहापाण्यासाठी केळ्याचा लांबट पाव आणला होता. तो मी डबा म्हणून टेबलावर ठेवला, सुरीनं दक्षिणेच्या खिडक्या कोरल्या, मग पाव फिरवून उत्तरेच्या कोरल्या आणि शेवटी अंगठ्यानं ती गोल खिडकी उमटवली. इतकं सुबक काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. फळ्यावर नकाशा काढायला म्हणून मी पाठ वळवली, आणि परत पाहतो तो डेल्बर्ट तोंड पुसतो आहे.

"उत्तर बाजू जरा कोरडी झाली होती," तो म्हणाला.

वहिनी, माणसानं पुरावा खाल्ला! प्रूइट मात्र सौजन्यानं म्हणाले, "सर, मला फोटो द्या, आराखडा द्या, निदान मापं द्या. आठवण साच्यात ओतता येत नाही." महिनाअखेरीस मेमोरियल डेची सुट्टी झाली की साचे कापायला घेतील. त्याआधी पुरावा मिळाला तर माझी बाजू, नाहीतर दोन डावे कान. ते कान मग खोक्याखोक्यातून घरोघर जातील, आणि आईची खिडकी नव्हतीच, हे सगळ्या देशात कायम होऊन बसेल.

गेल्या थँक्सगिव्हिंगला मी तुमच्या गोठ्याच्या आणि डब्याच्या मधल्या फटीत खांद्यापर्यंत अडकलो होतो, आणि तुम्ही मला लोणी लावून बाहेर काढलंत, तो प्रसंग आता नव्या प्रकाशात दिसेल. हाताला गोलसर कड लागताच मी जो ओरडलो तो वेदनेनं नव्हे, आनंदानं. (ती बादलीची कड निघाली. असो.) डब्याची ती उत्तर बाजू नेमकी झाकलेली: बाहेरून गोठा, आतून दादानं ठोकलेल्या फळ्या आणि त्यांवर कोंबड्यांची घरटी. मी डबा पाहायला पहिल्यांदा आलो तोपर्यंत त्यानं हे सगळं उरकलं होतं. लहानपणापासून तो म्हणत आला, "खिडकी चौकोनी होती, तू झोपेत होतास." डबा आल्यावर मी विचारलं, "मग पाहिलीस ना? गोल की चौकोनी?" तर म्हणे, "कोंबड्यांना विचार." अगदी जाईपर्यंत तेच उत्तर! आता तर्कानं पाहा. फळ्या ठोकण्याआधी दादानं ती भिंत पाहिलीच असणार. खिडकी चौकोनी असती, तर साध्या पत्त्यांच्या डावात जिंकल्यावर तीन गावांना कळवणारा हा मनुष्य गप्प बसला असता का? सिद्धता पूर्ण आहे. खिडकी गोल आहे, आणि दादा हरला होता!

तब्येतीस जपा. गुडघ्याला शेक देत जा. अर्लीन लिंबाच्या वड्या पाठवते आहे.

आपला नम्र दीर,
वेंडेल ऑस्टबी

ता. क. : येत्या शनिवारी सकाळी मी, प्रूइट आणि (नाइलाजानं) डेल्बर्ट असे तिघं तुमच्याकडे येत आहोत. तोवर कोंबड्या गॅरेजात हलवून, गोठ्याकडच्या भिंतीवरची घरटी आणि टोकाच्या फळ्या काढून ठेवता येतील का? तुमचा होकार आहे असं मी त्यांना आधीच सांगून बसलो आहे.

आणखी एक ता. क. : आमच्या घरच्या तळघरात छोट्या गाडीचे रूळ भिंतीला लागून आहेत, त्यामुळे डब्याची उत्तर बाजू सदैव भिंतीकडेच राहील. अर्लीननं ते हेरलं. "म्हणजे तुझी ती खिडकी कोणालाच दिसणार नाही?" मी म्हटलं, खऱ्या गाडीची तरी कोणाला दिसली? तिनं लिंबाच्या वड्यांवर झाकण ठेवलं आणि निघून गेली.

शेवटचा ता. क. : वहिनी, वरची सिद्धता तपासताना तिच्यात एक भोक सापडलं. दादा जिंकूनही, दुसऱ्याच एका कारणानं गप्प बसला असेल. ती आई त्याचीही होती. म्हणून शुक्रवारी फळ्या तुम्ही एकट्यानंच काढून पाहा. खिडकी गोल असली तर काच पुसून ठेवा, आम्ही येतोच आहोत. चौकोनी असली तर दादाच्या फळ्या होत्या तशा ठोकून टाका आणि मला फोनवर एवढंच सांगा, की कोंबड्या खुशाल आहेत, त्यांना हलवता येणार नाही. मी पुढचं काही विचारणार नाही.