मे महिन्यातला नाताळ

घाटकोपर, मे १९८६

प्रिय पप्पा,

काल तुम्हाला मूठमाती देताना आई म्हणाली, "रडायचं नाही, गायचं." पण तुमच्या बाजाच्या पेटीवाचून चर्चची मंडळी पहिल्या सुरालाच अडली. तेवढ्यात मागून आपली अख्खी चाळ गायला लागली. दर डिसेंबरला तुम्ही त्यांच्याकडून बसवून घेतलेलं नाताळचं गाणं, अगदी तुमच्याच पट्टीत!

पाळकसाहेब गडबडले. "अहो, हे जन्माचं गीत आहे!"

खालच्या सुंदराबाई तडकल्या, "मास्तरांनी आम्हाला तेवढंच शिकवलंय. गाऊ द्या ना!"

मग पाळकसाहेबही गायले. गाणं संपलं आणि सवयीनं सगळे एकदम ओरडले, "मेरी ख्रिसमस, मास्तर!"

कबरस्तानात आई हसली, पप्पा.

तुमची, ताठ मानेनं घरी आलेली,
एस्तेर