नाल्याचा रंग

मंगळवार, जून १९९३

पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचायला पर्यावरणाचं पुस्तक निवडायचं होतं. मी कारखान्यांनी मारलेल्या नद्यांवरचं काढलं. लायब्ररीतले शिपाई सदाशिवजी पूर्वी मिलमध्ये, रंगाई खात्यात होते. आज ते पुस्तक चाळून म्हणाले, "मॅडम, मिलच्या नाल्याचं पाणी बघून लोक सांगायचे, आज लाल रंग चालू आहे की निळा. मतलब नदी आम्हीच मारली? माझी बिटिया यंदा पहिल्या वर्षाला आली, ती हेच शिकणार?"

पुस्तकात खोटं काहीच नाही.

घरी येताना नाल्यापाशी थांबले. लाल नाही, निळा नाही, नुसता काळा. मिल बंद पडली, तरी नदी कुठे परत आली? हे कुठल्या पुस्तकात शोधू?

शेवटी यादीत त्याच पुस्तकाचं नाव लिहिलं. उद्या ती यादी बोर्डावर सदाशिवजीच लावतील.