एकोणीस सेकंद

३ नोव्हेंबर

आज रुजू झालो. दिवस चांगला गेला. तसं लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणून ही वही.

कामाची जागा दुसऱ्या मजल्यावर आहे. एक लांब खोली, खिडक्यांना लागून आठ टेबलं, प्रत्येकावर रबरी चटई, दिवा आणि संगणक. खाली कुरिअरचं गोदाम. जुने अँड्रॉइड फोन खोकी भरून येतात, ते साफ करून पुन्हा विक्रीला जातात. माझ्याकडे रूट काढायचं काम.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. मीही मावशी म्हणालो, तर म्हणाल्या, काका, तुम्हीसुद्धा म्हणालात म्हणजे आता मी म्हातारी झाले यात शंकाच नको. सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच महिन्यांनी.

त्यांनी समजावलं ते असं. फोन आपला असला तरी आतल्या काही खोल्यांच्या किल्ल्या कंपनी आपल्याला देत नाही. रूट करणं म्हणजे त्या सगळ्या किल्ल्या मिळवणं. मग फोनमध्ये एक किल्लेदार ॲप बसतं. कुठल्याही ॲपला आतल्या खोलीत जायचं असेल तर ते पडद्यावर विचारतं: नाकारा, एकदाच, की कायम. दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही तर आपोआप नकार. ज्यांना आत घेतलं त्यांची यादी किल्लेदाराकडे असते.

काढताना क्रम चुकवायचा नाही. आधी यादीतल्या सगळ्यांच्या परवानग्या काढायच्या, मग रूट, आणि शेवटी किल्लेदार. आधी किल्लेदारालाच हाकललं तर यादी जाते, पण आत शिरलेले आतच राहतात. मावशी म्हणाल्या, म्हणजे पाहुणे घरात आणि घरमालक गच्चीवर.

सगळ्यात शेवटी कंपनीचं मूळ कुलूप, म्हणजे बूटलोडर लॉक. ते लावलं की फोन कोरा होतो. काही म्हणजे काही उरत नाही.

संध्याकाळी इथल्या भाड्याच्या खोलीवरून गावी हिला फोन केला. जेवलात का, विचारलं. बरी वाटली.

५ नोव्हेंबर

ही नोकरी का धरली, ते मावशींना सांगितलेलं नाही. इथे लिहितो.

लेकीचा फोन माझ्याकडे आहे. तिने स्वतःच तो रूट केला होता. कॉलेजच्या कामासाठी तिला लोकांशी झालेली बोलणी रेकॉर्ड करायची होती. फेब्रुवारीत ती गेली. फोन वाचला, काचेला चरासुद्धा नाही. सुरू करताना दर वेळी पडद्यावर सूचना येते की या फोनवर भरवसा ठेवता येत नाही. हल्ली तो मध्येच बंद पडतो. बाहेर कुणाच्या हाती द्यायची छाती होत नाही. मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली आहेत, हेही शिकेन म्हटलं.

त्यात तिने मला पाठवलेला शेवटचा आवाज आहे. माझा तेव्हाचा फोन बिघडला, तेव्हापासून तो तिच्याच फोनमध्ये उरला. एकोणीस सेकंद. दर रविवारी हिला ऐकवायचो, आता इथून फोनवरून ऐकवीन.

"बाबा, मी खाली आहे. किल्ली विसरले. आतून कडी आहे का? उघडा ना. आईला उठवू नका, ती दमलीये. झोपलात वाटतं. संध्याकाळी येईन. येते हं."

दुपारचे तीन वीस. कडी मीच घातली होती. माझा फोन आवाज बंद करून ठेवला होता. मी झोपलो होतो. ती परत वळली आणि चौकात ट्रक.

ही तेव्हापासून दाराला कडी लावत नाही. दिवसा नाही, रात्रीही नाही.

९ नोव्हेंबर

आज दुपारच्या चहाच्या सुट्टीत लेकीचा फोन टेबलावर घेतला. किल्लेदाराच्या यादीत तीन नावं होती, तिन्ही तिची नेहमीची. तेवढ्यात परवानगीचा चौकोन आला. नावाच्या जागी काही नव्हतं. रिकामं. खाली आकडे उतरत होते, दहा, नऊ, आठ.

वेळ पाहिली. तीन वीस.

नियम मला पाठ आहे. अनोळखी असेल तर नकार. पण कुणीतरी आत यायला विचारतं आहे आणि मी गप्प बसलो तर दार आपोआप बंद होणार, एवढंच सुचलं. दोन उरले असताना मी 'कायम' दाबलं.

काही झालं नाही. यादीत चौथी ओळ आली, कोरी. वेडेपणा म्हणून सोडून दिलं.

११ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग अठरा सेकंदांचं आहे. शेवटचं "येते हं" नाही. दहा वेळा ऐकलं.

इथल्या संगणकावर प्रत घेतली. प्रतही अठराच.

१२ नोव्हेंबर

सोळा. "संध्याकाळी येईन" गेलं. संगणकावरची प्रतही सोळा. तिला तर कुणी हात लावलेला नाही.

घाबरून मी मूर्खासारखं वागलो. यादी उघडून कोरी ओळ काढायला हवी होती. ती कोरी ओळ बघवेना म्हणून साधं ॲप उडवतात तसा किल्लेदारच उडवला. दहा दिवस मी दुसऱ्यांचे फोन बरोबर क्रमाने उतरवतो आहे, आणि स्वतःच्या लेकीच्या फोनला उलटा क्रम. आता यादी नाही. काय आत आहे ते बघता येत नाही, बाहेर काढता येत नाही.

मावशींना सांगितलं. कुणाचा फोन, ते त्यांनी विचारलं नाही, माझ्याकडे बघून समजल्या. थट्टा केली नाही. किल्लेदार पुन्हा टाकून पाहिला. यादी कोरी, एकही ओळ नाही. म्हणाल्या, काका, फोन सुरू करणारी मूळ बूट फाइल चढवून बघू, त्याने माहिती जात नाही. चढवली. तपासलं. रूट नाही असं आलं.

हायसं वाटलं.

१४ नोव्हेंबर

सकाळी चौदा सेकंद. रूट आहे असं दाखवतो.

मावशी म्हणतात असं होत नाही. पुन्हा चढवली. दुपारी पुन्हा आहे.

त्या म्हणतात आता एकच राहिलं. सगळं मुळापासून आणि वर कुलूप. मी नको म्हणालो. मग त्यांनी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला.

१५ नोव्हेंबर

हिचा फोन आला. आवाज इतका आनंदी की मी आधी ओळखलाच नाही. म्हणाली, तिचा फोन आला होता. तिच्या नंबरवरून. मी म्हटलं काय बोलली. म्हणाली, "संध्याकाळी येईन. येते हं."

हिने तिच्या पलंगावर धुतलेली चादर घातली आहे.

लेकीचा फोन माझ्या खणात होता. खणाला कुलूप होतं. कॉलच्या नोंदीत आहे: आई, तीन वीस, चार मिनिटं.

जे शब्द इथून गेले, तेच तिकडे बोलले गेले.

१७ नोव्हेंबर

दहा सेकंद.

सिम काढून टाकलं. तरी कॉल. काल आई, सव्वीस मिनिटं. हिला सांगितलं, उचलू नकोस, ती नाही. ही रागावली नाही. शांतपणे म्हणाली, तुम्ही एकदा तिला बाहेर ठेवलंत, आता पुन्हा नका ठेवू. तुम्हाला माझी शपथ आहे, त्या फोनला काही करायचं नाही.

इतके महिने ती हे बोलली नव्हती.

१८ नोव्हेंबर

रेकॉर्डिंगच्या कप्प्यात नव्या फाइली आहेत. नाव 'आई'. आठ. सगळ्यांत हिचा आवाज. ही बोलते, बोलते, रडते, हसते. कुणी काही विचारत नाही. कुणीतरी नुसतं ऐकतं आहे.

लेकीचे सेकंद कमी होतात. हिचे वाढत चाललेत.

१९ नोव्हेंबर

सात सेकंद. हिच्या फाइली एकवीस.

हिच्याशी बोललो. म्हणजे — मी विचारलं जेवलीस का. ती म्हणाली, जेवलात का. मी विचारलं कडी लावलीस का. ती म्हणाली, जेवलात का. तोच सूर. तिसऱ्यांदाही तोच.

शेजाऱ्यांना फोन केला. त्यांनी जाऊन पाहिलं. दार उघडं, घरात कुणी नाही, म्हणाले. पलंगावर चादर नीट घातलेली आहे.

निघायला हवं. पण हे असंच ठेवून निघालो तर — आधी फोनला कुलूप. उद्या रविवार, कुणी नसेल. मावशींकडून इथली किल्ली घेतली. त्या म्हणाल्या मी येते सोबत. नको म्हणालो. हो म्हणायला हवं होतं.

२० नोव्हेंबर. सकाळ

वर आहे. दाराला आतून कडी घातली.

मूळ सिस्टीम चढते आहे. फार वेळ लागतो. तोवर संगणकावरची प्रत ऐकतो. चार सेकंद.

"बाबा, मी खाली आहे. किल्ली —"

अकरा वाजता चढून झाली. आता फक्त कुलूप. पडद्यावर विचारतो आहे, सगळं पुसलं जाईल, होय की नाही. आवाजाच्या बटणाने निवडायचं, बाजूच्या बटणाने पक्कं करायचं. दिवसाला वीस फोनांना करतो. हात होत नाही.

दुपार

अजून नाही.

प्रत एक सेकंद. "बाबा." एवढंच. कितीदा तरी ऐकलं.

म्हणजे बाकीचं सगळं आता त्या आत शिरलेल्याकडे आहे.

तीन वीस

खाली जिन्यात. गोदाम बंद आहे आज.

"मी खाली आहे."

तिचाच. जरासुद्धा फरक नाही.

पायऱ्या. एक एक —

"किल्ली विसरले. आतून कडी आहे का?"

मी होयवर आणलं आहे. बाजूचं बटण दाबलं की झालं. पण तो एक सेकंद — तो शब्द गेला की माझ्याकडे — आणि तोही त्यालाच मिळाला तर

दारावर दोघींच्या थापा आहेत. दुसरी ही. अहो, म्हणते. अहो, जेवलात का. ही आत्ता बोलते आहे की फाइल —

"उघडा ना."

त्या दुपारी मी झोपलो होतो. आज जागा आहे. आज ऐकू येतं आहे, आणि मी बसून —

मला माहीत आहे ती नाही. माहीत आहे

"झोपलात वाटतं."

नाही. नाही, जागा आहे, बाळा, थांब, वळू नकोस, फोन इथेच ठेवतो, आधी कडी