डिकीतला दिवा

सावनीची आई,

तुझा आत्ताच डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. गाडी आजही चालू होईना, पण बॅटरीत खोट नाही. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून उठलो, तर डिकीच्या फटीतून उजेड दिसला. बाळंतपणाच्या पिशवीत तू रोज काहीतरी कोंबतेस, वर ती जाड गोधडी. झाकण नीट बसत नाय, आतला दिवा रात्रभर जळतो अन् बॅटरी उतरते.

बॅटरी काढून स्कूटरवर छावणीतल्या गॅरेजात चार्जिंगला नेतोय. तोवर सावनीला कळा आल्या तर माझी वाट बघू नको, समोरच्या ऋतुराजला हाक मार. त्याला गाडी तयार ठेवायला सांगितलंय. मागल्या खेपेसारखं रिक्षा शोधत फिरायची पाळी पुन्हा नको. लेकीला यातलं काही बोलू नको. बाबा दूध आणायला गेले म्हण.

गोधडी कपाटात ठेवलीय, पिशवी दाराशी. तुझ्यावर रागावलो नाही. मागल्या खेपेला घेतलेलं अन् कोरंच राहिलेलं टोपडं काल मीही गुपचूप त्या पिशवीत सरकवलं होतं. तेवढं काढून खिशात घेतलंय. सावनीच्या नजरेला पडायला नको.