नवी डिस्क दिसत नाही, याबद्दल

विचुंबे,
मंगळवार

चिरंजीव काशिराम यास कमळाकरदादाचे अनेक आशीर्वाद (तुला नको असतील तर बायकोला दे, शकू घेईल).

तुझ्या गुडघ्याचं कळलं. कळंबोलीत लोखंडाचा धंदा करणाऱ्या माणसाचा गुडघा गंजावा, याचं वाईट वाटलं. इथे आम्ही बरे आहोत. विचुंब्याहून कळंबोलीला रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात आणि पोस्टाला तीन दिवस, तरी पत्रच लिहितो आहे, कारण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. शेजारच्या दीपेशच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ‘राँग नंबर’ म्हणालास. सख्ख्या भावाला!

तर आमच्या धाकट्या मितालीचं लग्न ठरलं (भावकीत तुला कुणी ब्लॉक केलेलं नाही, तेव्हा कळलं असेलच). पत्रिका येत्या सोमवारी छापायला जायची आहे आणि नावांची यादी आमच्या कॉम्प्युटरमध्ये. आपल्याकडची यादी म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. ‘आपले नम्र’ म्हणून एकशे सोळा नावं, कोण कुणाच्या वर, कुणाच्या पुढे ‘माजी सरपंच’ लावायचं, कुणाच्या पुढे लावलं तर दुसरा रुसेल. एक ओळ खालीवर झाली की हळदीला निम्मी भावकी गायब. आणि कॉम्प्युटर असा मंदावलेला की यादी उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा. आपला मोठा जावई, मनस्वीचा नवरा प्रितम म्हणाला, नवी एसएसडी डिस्क घ्या, तिच्यावर नवं विंडोज टाका, पनवेलच्या बाजारातला फारूक सगळं करून देईल. मी म्हटलं, बत्तीस वर्षं डेपोत एसटीची इंजिनं उघडली, हा डबा उघडायला फारूक कशाला?

डिस्क आली. डिस्क कसली, बोटभर पट्टी, एका टोकाला सोनेरी दातांची रांग. नव्या वस्तूची करतात तशी यथासांग पूजा केली, बसवली, पेनड्राइव्ह लावून विंडोज सुरू केलं. कुठल्या डिस्कवर टाकू, असं त्याने अदबीने विचारलं आणि खाली जी एकुलती एक डिस्क दाखवली ती आमची नवी नव्हतीच. पट्टी काढून पुन्हा बसवली. पेनड्राइव्ह बदलला. मग बायोसमध्ये शिरलो (म्हणजे कॉम्प्युटर जागा होता होता जो निळा पडदा येतो, त्याच्यात काय काय जोडलंय ते दिसतं). तिथे पंख्याची गती दिसत होती, घड्याळ दिसत होतं, सगळं दिसत होतं, फक्त डिस्क नव्हती. मी दुकानदाराला शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या, प्रितमला मनातल्या मनात घातल्या (जावई आहे). पाचव्यांदा पट्टी काढली तेव्हा चंद्रावती म्हणाली, “आवो, एसटी नाय हाय ती! आता तरी फारूककडं न्या.” बायकोचं ऐकायची वेळ आली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजून मी डबा रिक्षात घातला.

फारूकने पट्टी काढली, बॅटरी मारून बघितली. मग म्हणाला, “काका, हे लाल लाल काय आहे?” मी म्हटलं, कुंकू. “आणि हे पिवळं?” आता पिवळं काय असणार? वस्तूचं तोंड कुठलं ते मला कळेना, म्हणून सोनेरी टोकालाच हळदकुंकू लावलं होतं, आणि तेही कोरडं नाही, पाण्यात कालवून. “काका, अल्लाच्या वास्ते, पुढच्या वेळेला नुसती उदबत्ती ओवाळा. तीपण लांबून.” त्याने साध्या खोडरबराने ते दात पुसले, पट्टी बसवली आणि दोन मिनिटांत डिस्क पडद्यावर हजर. विंडोज तिथेच टाकून घेतलं. आता कॉम्प्युटर असा पळतो की चहा प्यायला वेळ मिळत नाही.

तुझा राजस अभ्यास करतो का? (करत नसेल. तूही करायचा नाहीस.) गुडघ्याला जप.

तुझा, मानलास तर, दादा
कमळाकर

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. पहिल्या दिवशी पडद्यावर एकच डिस्क दिसत होती. एकच आहे म्हणजे नवीच असणार, असं धरून मी ती आधी साफ पुसून टाकली होती. ती जुनी निघाली. एकशे सोळा नावं गेली, फारूकनेही हात टेकले. आईनंतर भावकीचा क्रम फक्त तुला तोंडपाठ आहे. तेवढा लिहून पाठव. या वेळी तुझं नाव पहिल्या ओळीत घालतो.

ता. क. २. मनस्वीच्या पत्रिकेतून तुझं नाव छापखान्याच्या चुकीने गळलं, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगतो आहे. ते मीच काढलं होतं. साखरपुड्यात व्याह्यांसमोर तू म्हणालास ना, ‘दादाला उघडता येतं, बंद करता येत नाही,’ त्याचा राग होता. चुकलो मी, काशिराम. त्या लग्नात मांडवभर माणसं होती आणि मी सारखा दाराकडे बघत होतो.

ता. क. ३. चिकटवलेलं पाकीट फोडून हे लिहितो आहे. यादीचा फोटो मितालीच्या फोनमध्ये पहिल्यापासून होता, असं ती आत्ता जेवताना सहज म्हणाली. यादी मनस्वीच्या वेळचीच, म्हणजे तिच्यात तू नाहीस. पहिल्या ओळीत तुझं नाव मी पेनाने लिहिलं. तेव्हा आता तुझ्याकडे माझं काहीही काम उरलेलं नाही. तरी ये.