मी, मशीन आणि नव्वद किलो

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. सहा वर्षांचे साचलेले नमस्कार एकदमच पाठवतोय, मोजून घे. गुडघा कसा आहे? भाऊजी अजून वर्तमानपत्र मोठ्यांदा वाचतात का? इकडे सगळं ठीक, फक्त मी जरा वाळलोय. का, ते सांगायलाच हे पत्र.

आई गेली तेव्हा तिच्या शिलाई मशीनवरून आपलं वाजलं आणि मी ते उचलून दुकानात नेलं, हे तू विसरली नसशीलच. (मीही नाही.) ते स्वतःच्या हातांनी तुला आणून द्यायचं, असा मी चंग बांधलाय. रस्त्याने खाडीला वळसा घालून यायचं तर अकरा तास. विमानतळावरच्या फळ्यावर मात्र लिहिलंय, अंतर एकशे चाळीस किलोमीटर, वेळ पस्तीस मिनिटं. तेवढ्यात माझ्या हातून एका शर्टाची कॉलर धड बसत नाही, आणि एवढ्याशा अंतराला आपण सहा वर्षं लावली! त्याच दिवशी तिकीट काढलं.

पण विमान बारा खुर्च्यांचं. तिथे आधी माणसाला सामानासकट काट्यावर उभं करतात आणि दोघांचं मिळून नव्वद किलोच्या वर चालत नाही. मी मशीन पोटाशी धरून उभा राहिलो. काटा पंच्याण्णववर. काट्यावरच्या बाई (कोटाचा एक खांदा वर, एक खाली, कुणी शिवला देव जाणे) म्हणाल्या, "काका, एकतर तुम्ही जा, नाहीतर मशीन." मी बाणेदारपणे सांगितलं, पुढच्या मंगळवारी दोघंही येतो. (विमान मंगळवारीच असतं.)

घरी येऊन मशीनचा लाकडी पाट उतरवला, तीन किलो गेले. उरलेले दोन माझ्या अंगावरून काढायचे ठरले. तुझ्या भावजयीने हे काम इतक्या हौसेने हाती घेतलं की मला जुने हिशेब चुकते होत असल्याचा संशय आला. मंगळवारी काटा बरोबर नव्वद! आणि मग ढग आले, विमान रद्द. त्या दुःखात मी आठवडाभर असा जेवलो की तिसऱ्या मंगळवारी पुन्हा एक्क्याण्णव. चपला काढल्या, पट्टा काढला, खिशातली टेप आणि खडू काढले, तरी अर्धा किलो राहिलाच. मागची रांग कुरकुरायला लागली. बाई म्हणाल्या, "अहो काका, मशीन मालट्रकने पाठवा ना, दुसऱ्या दिवशी पोचतं." मी म्हटलं, बाई, ते नुसतं पोचवायचं नाहीये, द्यायचंय. कोटाचे खांदे फुकट नीट करून देतो म्हटलं, तरी बाईंनी अर्धा किलो काही सोडला नाही.

पण मी हटणार नाही. रोज पहाटे चालतोय, रात्री नुसतं ताक. येत्या मंगळवारी मी आणि मशीन तुझ्या दारात उभे असू, लिहून ठेव.

तुझा हट्टी
धाकटा

ता. क. : भाऊजींना विमानतळावर यायला लावू नकोस. मशीन मीच उचलणार.

ता. क. २ : वरचं लिहून दोन दिवस झाले. मशीन आज सकाळी मालट्रकने पाठवलं, पाटासकट, तेलपाणी करून. तुला ते सहा वर्षांपूर्वीच मिळायला हवं होतं, आणखी मंगळवार कशाला मोजायला लावू? चूक माझीच होती.

ता. क. ३ : एकट्याचं माझं वजन सत्त्याहत्तर. बाई आता खुशाल सोडतील. इतके दिवस मशीन द्यायला येतोय असं म्हणता येत होतं. आता नुसतंच यायचं आहे. येऊ का?