गावाची एकी

२४ नोव्हेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. हळदीकुंकवाला गावातल्या झाडून सगळ्या बायका. विमल, माझी धाकटी जाऊ, सकाळपासून राबत होती. केळी कमी पडणार म्हणून तिने नवऱ्याला, आमच्या बाळाभावजींना, पेणला पिटाळलं.
संध्याकाळी देवळात गावकीची बैठक. बायकांनी जायचं नसतं. आमचे हे ऐकून आले. सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव, म्हणून नानांनी विमलचं नाव ठरवलंय. निवडणूक बिनविरोध. नाना म्हणजे गावकीचे अध्यक्ष, पोलीस, कोर्ट, सगळं तेच.
"विमलला विचारलं?"
"तिला काय विचारायचं? बाळा हो म्हणाला."
बिनविरोध झाली की सरकारकडून बक्षिसाचा निधी, शिवाय गावात एकी. एकी म्हणे.

२६ नोव्हेंबर, शनिवार
शेतावर गेले. खाडीच्या बांधाला खांड पडून तिसरं वर्ष. अमावास्येच्या उधाणाला खारं पाणी त्या भगदाडातून थेट आत. आमचा आणि विमलचा, दोघींचाही नुकता पेरलेला वाल गेला. रडू आलं, मग राग.
वाटेत नाना भेटले. बांधाचं काय, विचारलं. "सगळ्यांचं ठरलंय, पुढच्या साली बघू." हे सगळे कोण, ते विचारायची सोय नाही. मागचा सरपंच बिनविरोध, त्याआधीचाही. ग्रामसभेत चहा होतो, सह्या होतात, माणसं घरी जातात.
माझ्या माहेरी, रोह्याला, बाबा आणि काका दोन वेगळ्या पक्षांचे. जेवताना इतके भांडायचे की आई ताक ओतायची थांबायची. मग हात धुऊन दोघं एकाच पानपुड्यातलं पान खायचे. तिथे मत वेगळं म्हणजे वैर नव्हतं. इथे आल्यापासून बघतेय, वेगळं मत म्हणजे जणू घरात साप निघाला.

२९ नोव्हेंबर, मंगळवार
यांना सांगितलं, मी अर्ज भरणार. "तुझं खरं आहे, पण..." या माणसाचा अख्खा संसार त्या 'पण'वर उभा आहे.
आधी विमलला सांगितलं पाहिजे म्हणून मागच्या दाराने गेले. म्हटलं, तुझ्याशी भांडण नाही गो, पण बांधाचं विचारायला कोणीतरी समोर हवं. ती भाकरी थापत होती. "भर की. माझा काय जातंय?"

१ डिसेंबर, गुरुवार
पेणला जाऊन अर्ज भरला. यायच्या आत बातमी गावात.
संध्याकाळी पूजा मांडली, पाट ठेवले, दारात रांगोळी. एकही बाई आली नाही. विमल तबक घेऊन निघाली होती. बाळाभावजींनी तिला उंबऱ्यावरून आत बोलावलं, ते मला इथून ऐकू आलं.
केळी आता आम्ही दोघांनीच खायची. आज, उद्या, परवा.

३ डिसेंबर, शनिवार
वाळीत टाकलं असं कोणी म्हणत नाही. कायदा आहे ना. नुसतं कोणी बोलत नाही. दुकानात साखर मागितली, "संपली." उघडं पोतं माझ्या समोर होतं. यांना नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला मोटारसायकलवर नेणारा शेजारी आज यांच्या समोरून न थांबता पुढे गेला. हे चालत नाक्यापर्यंत गेले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.
लाज मला का वाटतेय? त्यांना वाटायला हवी.

४ डिसेंबर, रविवार
बांधावर पोकलेन! तीन वर्षं ज्याला पैसे नव्हते, मशीन नव्हतं, परवानगी नव्हती, ते माझ्या एका अर्जाने सुरू झालं. मी हसले आणि मग डोकं फिरलं.
विहिरीपाशी विमल भेटली. इकडेतिकडे बघत घाईघाईने बोलली. "ताई गो, नाना काल माझ्या ओट्यावर येऊन बसले. बांधाचा काय बोलशील, इचारलान. लग्न होऊन आल्यापासून मला कोणी काय इचारला नव्हता. तू माघार घेऊ नको हां. मी पण तुला चांगला उत्तर देणार हाय." डोळे चमकत होते तिचे. मतं माझ्याविरुद्ध मागणार, आणि खूश!

६ डिसेंबर, मंगळवार
नाना स्वतः आले. "बांध चाललाय ना? मग आता भांडण कशाला? एका घरच्या दोन बायका समोरासमोर, गावाची अब्रू जाते."
म्हटलं, "नाना, भांडण मतदानात होऊ दे, म्हणजे घरात व्हायचं नाही."
चहाला हात लावला नाही. जाताना म्हणाले, "बिनविरोधच होणार. तू बघ."
धमकी असेल. मी नाही घेत माघार.

७ डिसेंबर, बुधवार
माघारीची मुदत तीनपर्यंत. मी घराबाहेर पडलेच नाही.
चारच्या सुमारास ढोल. दारात गुलाल. माझं ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी विमललाच जीपमध्ये घालून पेणला नेलं आणि माघारीच्या अर्जावर तिची सही घेतली; उरले मी एकटीच. कोणीही येवो, बिनविरोध व्हायला हवं! सदस्य तर सगळे नानांचेच, तेही बिनविरोध. मी एकटी काय करणार आहे?
नानांनी हार घातला. "सुनबाईने गावाची एकी राखली." शेजारी उभे राहून आमचे हे हसत होते. मला हार तोडावासा वाटला. तोडला नाही.
दिवेलागणीला पोकलेन ट्रेलरवर चढवून निघाला. अर्धी खांड उघडीच. मी रस्त्यावर धावले. ड्रायव्हर म्हणाला, "आता गरज नाय, असा सांगितलाय मॅडम."
आज पौर्णिमा. पुन्हा उधाण.

८ डिसेंबर, गुरुवार
पाणी आत आलं.
संध्याकाळी हळदीकुंकवाला झाडून सगळ्या बायका. नानांची बायको पहिल्या पाटावर. "आमची सरपंचबाय!" दुकानातून साखर न मागता आली. विमल आली नाही.
सगळ्या गेल्यावर हळदीकुंकू आणि केळी घेऊन मीच तिच्याकडे गेले. चुलीपाशी बसली होती.
"रागावलीस?"
"नाय गो. सगळा पाठ केला होता मी. बांधाचा, पाण्याचा. आता कोणाला सांगू?"
म्हटलं, "मला सांग. ग्रामसभेत उभी राहा आणि पहिला प्रश्न तू विचार. मशीन का गेलं, विचार. सगळ्यांसमोर मला धारेवर धर. तू विचारलंस तरच मला नानांना विचारता येईल."
तिने केळी उचलून फडताळात ठेवली.
"ह्यांना इचारून सांगते."